चाकावरची काजळी निघता का निघत नाही?



रविवारी सकाळी वसई, नालासोपारा किंवा विरारमधल्या कोणत्याही गृहसंकुलाच्या आवारात एक चक्कर मारा. कुणी ना कुणी मोटार धूत असलेला दिसेलच. छत, दारे, काचा यांवरची धूळ बादलीभर पाण्यात निघून जाते. मग पाळी येते चाकांची. चाकाच्या धातूच्या भागावर, म्हणजे रिमवर, काळपट तपकिरी थर बसलेला असतो. पाणी मारले तरी तो हलत नाही. साबण लावला की थोडा उतरतो. पण बारीक बारीक तांबूस ठिपके मागे उरतात. घासून घासून हात दुखू लागतात आणि शेवटी कुणीतरी सल्ला देतो, "अहो, फरशी धुण्याचे ॲसिड मारा. मिनिटात चकचकीत होईल!"

हा सल्ला ऐकू नये तो का, हे आपण पुढे पाहूच. पण त्याआधी एक प्रश्न विचारू या. गाडी एकच, रस्ताही एकच. मग दारावरची धूळ सहज निघते आणि चाकावरची का निघत नाही? प्रश्न साधा दिसतो खरा, पण त्याचे उत्तर देताना घर्षण, ऊर्जा, गंजणे आणि आम्ले असे तुमच्या पुस्तकातले चार धडे एकत्र यावे लागतात.

ही रस्त्यावरची धूळ नव्हे

प्रथम एक निरीक्षण करा. घरच्या किंवा शेजाऱ्यांच्या मोटारीची चाके मोठ्या माणसांची परवानगी घेऊन पाहा. गाडी निदान तीन-चार तास उभी असावी आणि चाके थंड असावीत. एका ओल्या पांढऱ्या फडक्याने पुढच्या चाकाची रिम पुसा, दुसऱ्या फडक्याने मागच्या चाकाची. बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकाचे फडके कितीतरी अधिक काळे होईल. थर जर रस्त्यावरच्या धुळीचा असता, तर तो चारी चाकांवर सारखा बसायला हवा होता. उलट पुढच्या चाकांनी उडवलेली धूळ मागच्या चाकांवर जास्तच बसली असती.

आता पुढच्या चाकाचे फडके वाळू द्या आणि वर्तमानपत्रावर झटका. कागदावर पडलेल्या काळ्या पुडीवर, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा. पुडीतला बराच भाग उभा राहून चुंबकाला चिकटतो. म्हणजे या पुडीत लोखंड आहे. रस्त्यावरच्या मातीत इतके लोखंड कुठून येणार? ते येते गाडीच्या ब्रेकमधून. ही काजळी म्हणजे ब्रेकची झीज आहे.

वेग जातो कुठे?

धावत्या गाडीजवळ गतिज ऊर्जा असते. तिचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे: ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. समजा, १,००० किलोग्रॅमची मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा ½ × १,००० × ४०० म्हणजे २ लाख ज्यूल भरते. गाडी थांबली की ही ऊर्जा शून्य होते. पण ऊर्जा तर नष्ट होत नाही. मग ती जाते कुठे?

ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. या उष्णतेने ३० अंशांचे सुमारे दोन-तृतीयांश लिटर पाणी उकळीपर्यंत तापवता येईल. शिवाय हे सारे चार सेकंदांत उरकायचे असते. २ लाख ज्यूल भागिले ४ सेकंद म्हणजे ५०,००० वॅट. हजार वॅटच्या ५० इस्त्र्या एकदम चालू केल्यासारखेच हे झाले! वेग दुप्पट केला तर ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते, हेही येथे ध्यानात ठेवा.

बहुतेक मोटारींत पुढच्या चाकाबरोबर बिडाच्या लोखंडाची एक चकती फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की चकतीच्या दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमट्यासारखे आवळले जातात. पॅड म्हणजे एकच पदार्थ नव्हे. रेझीनमध्ये, म्हणजे राळेसारख्या चिकट आणि तापवल्यावर कडक होणाऱ्या पदार्थात, धातूंचे तंतू, ग्रॅफाइट, बेरियम सल्फेटसारखी भर आणि थोडे खरखरीत कण मिसळून तो दाबून घडवलेला असतो. चकती आणि पॅड एकमेकांवर घासतात, तापतात आणि दोन्ही थोडी थोडी झिजतात. चकतीचे तापमान नेहमीच्या वापरातही १०० अंशांच्या वर जाऊ शकते. लांब उतारावर ते काही शे अंशांपर्यंत चढते. झिजलेले लोखंड, ग्रॅफाइट आणि जळकट रेझीन यांची मिळून जी पूड होते, तीच आपली काजळी.

पुढची चाकेच अधिक काळी का, याचेही उत्तर जडत्वात आहे. लोकलने ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात, हे तुम्ही अनुभवले असेल. मोटारीचा भारही तसाच पुढच्या चाकांकडे सरकतो. भार अधिक तिथे टायरची पकड अधिक. म्हणून ब्रेकचे मोठे काम पुढच्या चाकांकडे सोपवलेले असते.

ड्रम आणि डिस्क

मागची चाके स्वच्छ दिसण्याचे आणखी एक कारण आहे. कित्येक लहान मोटारींत मागे ड्रम ब्रेक असतात. पातेल्यासारख्या बंदिस्त ड्रमच्या आत दोन अर्धगोलाकार शू असतात आणि ते आतून बाहेर फाकून ड्रमला घासतात. पूड होते, पण ती बरीचशी ड्रमच्या पोटातच राहते. सुरुवातीच्या अ‍ॅम्बॅसॅडर गाड्यांना चारी चाकांना असेच ड्रम होते.

मग उघडी चकती का आणली? कारण बंदिस्त ड्रममध्ये पुडीबरोबर उष्णताही कोंडते, आणि फार तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण त्या काळच्या साहित्यात ते नीट जमेना. पुढे १९५३ साली फ्रान्समधील ल मॉं येथील २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार मोटारीने जिंकली आणि साऱ्यांचे लक्ष या ब्रेककडे वेधले. उघड्या चकतीवरून वारा वाहतो, ती लवकर निवते आणि ब्रेक भरवशाचा राहतो. पण ज्या वाटेने उष्णता बाहेर पडते, त्याच वाटेने पूडही बाहेर येते आणि थेट रिमवर बसते. तेव्हा चाकावरची काजळी ही ब्रेक बिघडल्याची खूण नव्हे. ब्रेकने आपले काम चोख केल्याची ती खूण आहे.

पहिली पकड: बारीकपणाची

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही पूड रिमला एका नव्हे, तीन रीतींनी धरून बसते.

पहिली पकड तिच्या बारीकपणाची. ब्रेकच्या पुडीतले पुष्कळसे कण १० मायक्रोमीटरहून लहान असतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. कोणतेही दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले की त्यांच्या रेणूंमध्ये क्षीण आकर्षण असते. हे आकर्षण कणाच्या व्यासाच्या प्रमाणात कमी होते, पण कणाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. १ मिलिमीटरचा वाळूचा कण आणि त्याच पदार्थाचा ०.०१ मिलिमीटरचा कण यांची तुलना करा. व्यास शंभर पट कमी झाला, म्हणून चिकटण्याचे बल शंभर पट घटले. वजन मात्र दहा लाख पटींनी घटले. म्हणजे वजनाच्या मानाने लहान कणाची पकड दहा हजार पट बळकट झाली. वाळूचा कण भिंतीवरून घरंगळतो, पण खडूची भुकटी फळ्याला चिकटून राहते, ती यामुळेच.

त्यात विद्युत्प्रभाराची भर पडते. घासताना आणि तापताना या कणांवर विद्युत्प्रभार येतो. ब्रेकमधून हवेत उडणाऱ्या कणांपैकी बहुसंख्य कण प्रभारित असू शकतात, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी २०२४ साली दाखवून दिले.

मग पाण्याचा जोरदार फवारा या कणांना का उडवत नाही? घरातल्या पंख्याकडे पाहा. तो दिवसभर हवा कापतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ बसतेच. वाहणारी हवा किंवा पाणी ज्या पृष्ठभागावरून जाते, त्याला अगदी लागून असलेला थर जवळजवळ स्थिर असतो. बारीक कण या स्थिर थराच्या आडोशाला बसतात आणि वरून लोंढा निघून जातो. तो आडोसा मोडायला स्पर्शच लागतो, म्हणजे फडके किंवा मऊ ब्रश.

दुसरी पकड: डिंकाची

पॅडमधल्या रेझीनचा काही भाग तापून सुटतो. रस्त्यावरचे डांबर, वंगणाचे तेल आणि टायरची झीज त्यात मिसळते. हा चिकटा कणांमध्ये डिंकासारखा काम करतो. गरम रिमवर तो वाळला की आणखी घट्ट होतो. पाणी तेलकट पदार्थांत शिरत नाही, म्हणून नुसते पाणी येथे हरते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे. ते चिकट्याचे बारीक थेंब करून पाण्यात तरंगते ठेवतात. खरकट्या तव्याला जे लागू, तेच रिमला लागू.

तिसरी पकड: गंजाची

साबणानंतरही उरतात ते तांबूस ठिपके. येथे आपल्या गावाची हवा कामाला येते. वसई-विरारच्या पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी. शिवाय मिठागरे आहेतच. हवेत ओलावा आणि त्यात मिठाचे सूक्ष्म कण. मीठ विरघळलेले पाणी विजेचे चांगले वाहक असते आणि गंजणे ही तर विद्युत्‌रासायनिक क्रिया आहे. म्हणून खारट ओलाव्यात लोखंड झपाट्याने गंजते.

रिमवर बसलेला लोखंडाचा कण असाच जागच्या जागी गंजतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. समुद्राकाठच्या जुन्या इमारतींच्या सज्जांना भेगा पडून आतल्या गंजलेल्या सळ्या दिसतात ना? सळी फुगते आणि सिमेंट फोडते. तसाच हा इवलासा कण फुगतो, रिमच्या रंगातल्या सूक्ष्म खाचांत पाय पसरतो आणि शेजारच्या कणांशी सांधला जातो. आता ती पूड राहिली नाही. ती खपली झाली. तिला साबणाने काहीच होत नाही, कारण गंज तेलकट नाही.

हे तुम्हाला घरी करून पाहता येईल. पांढऱ्या, चकचकीत टाइलचा एक तुकडा घ्या. लेथच्या कारखान्यातून चिमूटभर लोखंडाचा बारीक कीस आणा. टाइलवर त्याच्या तीन लहान ढिगल्या करा. पहिली कोरडी ठेवा. दुसरीवर नळाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. तिसरीवर मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब वाळले की पुन्हा टाका. दोन दिवसांनी टाइल नळाखाली धरा. कोरडा कीस वाहून जाईल. इतर दोन्ही ठिकाणी तांबूस डाग उरतील आणि मिठाचा डाग बहुधा अधिक गडद असेल. त्यावर साबण घासून पाहा. मग चिंचेच्या कोळाचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब टाकून दहा मिनिटे थांबा आणि पुसा. डाग फिका झालेला दिसेल. जे साबणाला जमले नाही, ते आंबटाला कसे जमले?

आजीला विचारा. ती तांब्या-पितळेची भांडी चिंच किंवा आमसूल लावून घासत आली आहे. धातूच्या ऑक्साइडला आम्ल विरघळवते. शिवाय चिंचेतले टार्टारिक आणि लिंबातले सायट्रिक आम्ल आणखी एक काम करते. त्यांचे रेणू सुट्या झालेल्या लोहाच्या आयनाला खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन्हीकडून धरतात आणि पाण्यात नेऊन सोडतात. तो पुन्हा पृष्ठभागावर बसत नाही.

जशी पकड, तसा उपाय

तीन पकडी कळल्या की उपायही कळतो, आणि त्यांचा क्रमही. आधी पाणी, मग साबण आणि मऊ स्पर्श, आणि शेवटी रसायन. क्रम उलटा केला तर रसायन वरच्या चिकट्यातच अडकते आणि खालच्या गंजापर्यंत पोहोचत नाही.

गाडी सावलीत उभी करावी. चाक हाताला थंड लागल्याशिवाय हात घालू नये. नुकत्याच थांबलेल्या गाडीची चकती भाजण्याइतकी गरम असते, आणि तापलेल्या चकतीवर गार पाणी ओतले तर ती असमान आकुंचन पावून वाकडी होऊ शकते. एका वेळी एकच चाक घ्यावे. प्रथम भरपूर पाणी मारून सुटी पूड व वाळू काढावी. वाळू राहू दिली आणि वर घासले, तर वाळूच रंगावर ओरखडे काढते. मग गाडी धुण्याचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश घ्यावा. बादली आणि फडके चाकांसाठी वेगळे ठेवावे. तेच फडके दारावर फिरवले तर लोखंडाची पूड तिथे जाते.

यानंतरही तांबूस ठिपके उरले, तर लोहकण काढण्यासाठी मिळणारा खास द्रव वापरावा. अशा बऱ्याच द्रवांत अमोनियम थायोग्लायकोलेटसारखे गंधकयुक्त संयुग असते. केस कुरळे करण्यासाठी केशकर्तनालयात जो द्रव लावतात, त्यातही हेच संयुग वापरतात. ते लोहाला धरते आणि लालसर जांभळ्या रंगाचे विद्राव्य संयुग बनवते. फवारा मारताच पांढऱ्या रिमवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. ही जादू नव्हे. प्रयोगशाळेत लोह ओळखण्यासाठी करतात तशीच रंगाची परीक्षा आहे. दोन-चार मिनिटांनी, द्रव वाळण्यापूर्वीच, पाण्याने धुऊन टाकावे. याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

शेवटी रिम कोरडी पुसून त्यावर मेणाचा पातळ थर द्यावा. मेण रंगातल्या खाचा बुजवते. पुढच्या खेपेला कणाला पाय रोवायला जागाच उरत नाही. मात्र मेण, तेल किंवा पॉलिश चकतीला आणि पॅडला मुळीच लागता कामा नये. घर्षण हाच ब्रेकचा प्राण आहे. तिथे वंगण लागले तर गाडी थांबणार कशी? धुतल्यानंतरही चकती ओली असते. म्हणून चालवणाऱ्याने सुरुवातीला गाडी सावकाश नेऊन दोन-तीनदा हलके ब्रेक लावावेत, म्हणजे चकती कोरडी होते.

ॲसिडचा मोह

आता तो सल्ला. फरशी किंवा संडास धुण्याच्या बऱ्याच द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते गंज विरघळवते हे खरे. पण रिमच्या खाली काय आहे? अलॉय व्हील हे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचे असते. अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. तीव्र आम्ल हा थर खाते आणि खालच्या धातूवर तुटून पडते. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवू नये म्हणतात, ते याच कारणाने. कॉस्टिक सोडाही तितकाच वाईट, कारण अ‍ॅल्युमिनियम तीव्र अल्कातही विरघळते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. रिमवरचे पारदर्शक लॅकर एकदा फुटले की खारे पाणी आत शिरते. मग लोखंडाचा कण, अ‍ॅल्युमिनियम आणि खारा ओलावा मिळून एक चिमुकला विद्युत्‌घट तयार होतो. या घटात बळी जाते ते अ‍ॅल्युमिनियम. पुढच्या पावसाळ्यानंतर रिमवर पांढरे फोड दिसतात.

लोखंडी तारेच्या ब्रशचेही तसेच. तो गंज खरवडतो, पण रंगावर ओरखडे काढतो आणि त्या ओरखड्यांत स्वतःचे लोखंड मागे ठेवतो. म्हणजे नव्या गंजाची पेरणीच!

पण रिमपेक्षा मोलाची वस्तू म्हणजे माणूस. सोसायटीत रोज दहा-वीस गाड्या धुणारा माणूस बहुधा उघड्या हातांनी काम करतो. ॲसिडची वाफ त्याच्या नाकातोंडात जाते, शिंतोडे हातांवर आणि डोळ्यांत उडतात. आणि आम्ल जर ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले, तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. कोरडी पूड हवेच्या नळीने उडवणेही टाळावे. १० मायक्रोमीटरहून लहान कण श्वासावाटे आत जातात. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू असत आणि त्यांनी फुप्फुसांचे गंभीर रोग होतात, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. लायनर कशाचे आहे हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. तेव्हा गॅरेजमध्ये ड्रम उघडताना पूड ओली करूनच पुसावी. हे जाणणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या इमारतीतल्या गाडी धुणाऱ्या काकांना एवढे सांगितले, तरी या लेखाचा उपयोग झाला.

धुतलेले पाणी जाते कुठे?

रिम स्वच्छ झाली म्हणजे पूड संपली असे नव्हे. ती फक्त रिमवरून पाण्यात गेली. हे पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. आपल्या पश्चिम पट्ट्यातील गावांत बावखले आहेत. वाडीला पाणी देण्यासाठी पूर्वजांनी खणलेली ही तळी पावसाचे गोडे पाणी साठवतात आणि ते जमिनीत मुरवून आसपासच्या विहिरी जिवंत ठेवतात. समुद्र इतका जवळ असताना हे गोडे पाणी किती मोलाचे, ते वाडीवाल्यांना विचारा. कित्येक बावखले बुजवली गेली; जी उरली, त्यांच्या काठावर तरी गाडी धुऊ नये.

पुडीतले लोखंड फारसे घातक नाही. पण काही पॅडमध्ये तांबे असते आणि विरघळलेले तांबे पाण्यातल्या जिवांना अगदी थोड्या प्रमाणातही बाधते. म्हणूनच अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१० साली कायदा करून पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने कमी करायला लावले. २०२५ पासून तिथे नव्या पॅडमध्ये तांब्याचे प्रमाण ०.५ टक्क्यापर्यंत मर्यादित केले आहे. युरोपीय संघाने तर २०२४ साली ब्रेकच्या पुडीवरच मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२६ पासून नव्या नमुन्याच्या पेट्रोल व डिझेल मोटारींच्या ब्रेकमधून किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅमपेक्षा अधिक सूक्ष्म पूड हवेत जाऊ नये, असे तिथे ठरले. आता हिशेब करा. मोटार वर्षाला १०,००० किलोमीटर धावली, तर या मर्यादेतही ७० ग्रॅम पूड होते. अशा एक लाख मोटारी असतील, तर ७,००० किलोग्रॅम, म्हणजे ७ टन!

पूड पडूच नये म्हणून

तेव्हा खरी युक्ती पूड काढण्यात नाही, ती कमी पाडण्यात आहे. आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या रोजच्या वाटेवर आहे: विरार लोकल. फलाटावर उभे राहून रुळांमधल्या खडीकडे पाहा. गाड्या जिथे थांबतात, तिथली खडी तांबूस दिसते. ब्रेक, चाके आणि रूळ यांच्या झिजेचा तो गंज आहे. मोटारीच्या रिमचेच हे मोठे भावंड म्हणा ना.

भरलेल्या लोकलचे वस्तुमान सोयीसाठी ६०० टन धरू आणि वेग सेकंदाला २० मीटर. गतिज ऊर्जा १२ कोटी ज्यूल होते, म्हणजे विजेची सुमारे ३३ युनिटे. पूर्वी ही ऊर्जा मुख्यतः ब्रेकच्या ठोकळ्यांत उष्णता होऊन वाया जाई, आणि तीही प्रत्येक थांब्याला. २००७ पासून पश्चिम रेल्वेवर नव्या प्रकारच्या लोकल धावू लागल्या. या गाड्यांत ब्रेक लावताना मोटारच जनित्र होते. चाके तिला फिरवतात, ती वीज निर्माण करते आणि ही वीज वरच्या तारेतून परत जाते. एका गाडीच्या थांबण्याने दुसरी गाडी निघायला मदत होते! ठोकळ्यांना काम उरते ते मुख्यतः शेवटच्या हळू वेगात आणि आणीबाणीच्या वेळी. विजेच्या मोटारी हेच तत्त्व वापरतात. त्यांत वीज बॅटरीत परत जाते आणि रिम कमी काळी होते.

साध्या मोटारीतही काही करता येते. पुढे लाल दिवा दिसला की आधीच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा. घोडबंदर मार्गावर गायमुखच्या उतारासारख्या ठिकाणी खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी आवरू द्यावी. ताशी ६० किलोमीटरऐवजी ३० वर आल्यानंतर ब्रेक लावला, तर ब्रेकवर येणारी ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. अर्थात गरज पडेल तेव्हा ब्रेक जोरात दाबायलाच हवा. पुडीच्या भीतीने जीव धोक्यात घालू नये. आणि उरलेली पूड दर आठवड्याला, गंजण्यापूर्वीच, साबण-पाण्याने पुसली तर तिसरी पकड बसतच नाही. मग ॲसिड नको आणि खास द्रवही नको.

आता तीन प्रश्न तुमच्यासाठी. सायकलच्या रबरी ब्रेकची पूड चुंबकाला चिकटेल का? मोटारसायकलच्या पुढच्या डिस्कला भोके का पाडलेली असतात? आणि एकाच नमुन्याच्या दोन गाड्या, एक विरारला आणि एक सोलापूरला, वर्षभर सारख्याच चालवल्या, तर कोणत्या गाडीची चाके धुणे सोपे जाईल? उत्तरे नुसती सांगू नका. शक्य तिथे प्रयोग करा, वहीत नोंदवा आणि मगच आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.